एकच घास

हळद्या उठला की आमच्या गल्लीतल्या बायका पदर खोचायच्या. नुसता उठून भागत नसे. उठून त्यानं पुढचे पाय लांब ताणले, पाठ खाली दाबून एक ऐसपैस जांभई दिली आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू पडला, की समजायचं, टँकर बायपासवरून आत वळला. माणसाच्या कानाला अजून काही ऐकू आलेलं नसे. पण देशपांडे काकू ओट्यावरूनच हाळी द्यायच्या, "हळद्या उठला गं!" मग ड्रमांची झाकणं निघायची, नळ्या उलगडल्या जायच्या, आणि टँकर येऊन उभा राहीपर्यंत सगळी गल्ली एकमेकींशी भांडून मोकळी झालेली असायची.

मला कुत्र्यांचा लळा नाही, हे आधीच सांगून टाकतो. वैरही नाही, पण अंगचटीला आलेलं खपत नाही. मी एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि देशपांडे काकांच्या रो-हाऊसच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. खोलीला एकच खिडकी होती आणि ती गल्लीवर उघडायची. त्यामुळे हळद्याला मी ओळखतो ते वरून.

बायपासलगतचा आमचा सातारा परिसर तेव्हा शहराच्या महानगरपालिकेत नव्हता. घरं शहराची, हद्द ग्रामपंचायतीची आणि पाणी कुणाचंच नाही, असा कारभार. पुढे महानगरपालिका आली, रस्ते खणून पाइप पुरले गेले, आणि पाइप कोरडेच राहिले. पाऊस तर दर वर्षी जालन्याच्या बाजूला गडगडून नाहीसा व्हायचा. त्या वर्षांकडे वळून बघताना मला फार काही वाटत नाही. खरं म्हणजे तेव्हाही वाटत नव्हतं. अंघोळीचं पाणी फरशी पुसायला आणि फरशीचं पाणी संडासात वापरायचं, यात दिवस संपायचा. वाटण्याबिटण्याला उसंत नसायची. म्हणून जे जसं झालं, तसंच सांगतो.

हळद्या कौसाआजींचा. त्यांचा मुलगा दत्तू वाळूजला एका कंपनीत शिफ्टवर होता. गावाकडची विहीर आटली, तेव्हा त्यानं आईला इकडे आणलं. छोटा हत्ती टेम्पो गल्लीत येऊन थांबला. त्यातून ज्वारीचं एक पोतं उतरलं, पाटा-वरवंटा उतरला, कौसाआजी उतरल्या आणि सर्वांत शेवटी त्यांच्या लुगड्याच्या ओच्यातून एक पिवळं तोंड बाहेर आलं. भंडाऱ्यात लोळून आल्यासारखा रंग होता त्याचा. दत्तूच्या बायकोनं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, इथं माणसाला पाणी नाय!"

"त्याला कितीक लागंल?" आजी म्हणाल्या. "माझ्यातलं देईन."

आणि खरोखर देत. त्यांच्या तांब्यातलं अर्धं त्या एका फुटक्या कढईत ओतायच्या. पण हळद्यानं लवकरच स्वतःची सोय लावली. टँकरच्या नळीच्या जोडातून पाणी ठिबकायचं, त्याखाली तो जीभ काढून उभा राहायचा. टँकरवाला रफिकभाई दर वेळी सगळ्या बायकांना हातानं थोपवायचा. "ठैरो बाजी, ठैरो. पैले इनकू पीने देव. इनोच तो आपका चेअरमन है." बायका चिडायच्या, पण थांबायच्या. हळद्या घाई न करता पाणी प्यायचा, जिभेनं नाक पुसायचा आणि बाजूला व्हायचा. मग भांडण पुढे सुरू.

आजींनी छावणीच्या बाजारातून वासराच्या गळ्यातली घंटी आणून त्याच्या गळ्यात बांधली होती. त्यामुळे तो कुठे आहे हे न बघता कळायचं. सकाळी आमच्या पायरीवर, दुपारी दत्तूच्या मोटरसायकलच्या सावलीत, उन्हं कलली की ड्रमांच्या रांगेत. ज्या घराचे लोक कामावर गेलेले असत, नेमक्या त्यांच्याच ड्रमावर तो चढून बसायचा. मला हा योगायोग वाटायचा. काकू म्हणायच्या, योगायोग वर्षभर टिकत नसतो. त्या ड्रमाला पुढं-मागं सरकवायची कुणाची छाती नव्हती. चावायचा नाही तो, पण असा बघायचा की माणसालाच ओशाळं वाटावं.

एकदाच तो चुकला. एका दुपारी तो उठला, जांभई दिली, चालू पडला. काकूंनी हाळी दिली. सगळ्या बायका नळ्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी. आणि वळणावरून आला तो काँक्रीटचा भलाथोरला मिक्सर, पोट गरागरा फिरवत. मागच्या मोकळ्या रानात कुणी तरी इमारत उठवायला घेतली होती. मिक्सर आमच्या समोरून गेला आणि त्याच्या मागोमाग, बांधकामाला मारायच्या पाण्याचे दोन टँकर गेले. ते थांबले नाहीत. बायका नळ्या गुंडाळत परतल्या. "हळद्या चुकला नाय," कौसाआजी तेवढ्या म्हणाल्या. "पाणीच व्हतं ते. आपलं नव्हतं." हळद्या मात्र दोन दिवस कुणाकडे तोंड वर करून बघत नव्हता.

आता देशपांडे काकांविषयी. ते कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. मूळचे शहागंजच्या मागचे. सोवळं फारसं उरलं नव्हतं, पण काठी उरली होती. हळद्या पायरीवर दिसला की "हाड!" म्हणून ती आपटायचे. हळद्या उठून तीन पायऱ्या खाली बसायचा. काका आत गेले की परत वर. वर्षाचे सगळे दिवस हा खेळ चालायचा. सगळे म्हणजे एक सोडून.

तो एक दिवस चंपाषष्ठीचा. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांचं कुलदैवत खंडोबा. देऊळ तर हाकेच्या अंतरावर. चातुर्मासात सोडलेलं वांगं आणि कांदा त्या दिवशी परत घरात येतो. भरीत, रोडगे, पातीचा कांदा असा नैवेद्य होतो, तळी भरली जाते, भंडारा उधळला जातो. आणि नैवेद्याचं एक ताट कुत्र्यापुढे ठेवायचं. कुत्रा हा देवाच्या सोबतचा. त्यानं घास घेतल्याशिवाय घरात पानं वाढायची नाहीत. त्या दिवशी काका काठी कोपऱ्यात उभी करून, सोवळं नेसून पायरीवर यायचे आणि हात जोडून म्हणायचे, "या हळदोबा. या, बसा." चक्क अहोजाहो.

हळद्याच्या पहिल्या चंपाषष्ठीला घोळ झाला. तेव्हा तो अजून पोरसवदा होता. काकांनी ताट ठेवलं, त्यानं ते चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि तिथंच आडवा झाला. पोट टम्म फुगलेलं. पुढच्या घरी ताट धरलं तर मान फिरवली. त्याच्या पुढच्या घरी वास घ्यायलाही उठला नाही. दुसरं कुत्रं शोधायला माणसं देवळाकडे धावली, तर तिथली कुत्री गावानं आधीच जेवू घातलेली. सगळी गल्ली भरीत झाकून, हळद्याला भूक कधी लागते याची वाट बघत ओट्यांवर बसून राहिली. पार उन्हं कलेपर्यंत. भूक लागावी म्हणून दत्तूनं त्याला गल्लीभर पळवायचाही प्रयत्न केला. कौसाआजी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं.

पुढच्या वर्षापासून त्या स्वतः त्याच्या मागं चालू लागल्या. प्रत्येक ताटापाशी वाकून त्याच्या कानामागं हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "एकच घास, बाबा. पुढं लई घरं हायेत." आणि तो कुत्रा एकच घास घ्यायचा. रोडग्याचा तुकडा भरितासकट तोंडात धरायचा, गिळायचा आणि मान वर करून त्यांच्याकडे बघायचा. घंटी वाजायची, घरातून "येळकोट येळकोट जय मल्हार" उठायचं, की दोघं पुढच्या घरी. शेवटचं ताट दत्तूच्या घरचं. तिथं मात्र आजी काही म्हणायच्या नाहीत. उंबऱ्यावर बसायच्या आणि तो सबंध ताट संपवेपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहायच्या. हा फरक माझ्या लक्षात आला होता, पण कुत्र्याच्या जेवणात काय अर्थ बघायचा, म्हणून मी सोडून दिला.

मागच्या रानात सात मजली इमारत पूर्ण झाली. बिल्डरला आमच्या गल्लीची जागाही हवी होती. रो-हाऊस द्यायचं आणि फ्लॅट घ्यायचा, असा व्यवहार ठरला. वर टाकी, खाली टाकी, चोवीस तास पाणी, असं माहितीपत्रकात छापलं होतं. गल्ली उठली. दत्तूला पाचवा मजला मिळाला. काकांना दोन फ्लॅट मिळाले. त्यांतल्या धाकट्यात, पहिल्या मजल्यावर, मी, पुन्हा भाडेकरू. खालची टाकी भरायला रफिकभाईचाच टँकर येऊ लागला, फक्त आता कुणाला नळी धरावी लागत नव्हती.

बाहेरून आलेले रहिवासी पुष्कळ होते. पहिल्याच बैठकीत पाळीव प्राण्यांचा विषय निघाला. कुणाच्या मुलाला ॲलर्जी, कुणाला लिफ्टमधल्या केसांची किळस. काका चेअरमन झाले होते. ते म्हणाले, "भावना वेगळ्या आणि नियम वेगळे. मतं घ्या." मी बैठकीत मागं बसलो होतो, पण भाडेकरूला मत नसतं. त्या दिवशी ते बरंच वाटलं. बंदीच्या बाजूनं हात वर होत गेले. दत्तू शेजारच्यांकडे बघत होता. मग त्यानंही हात वर केला, खांद्याएवढा. त्याची काही दुष्टबुद्धी नव्हती. नवीन फरशी, हप्ते, बायकोची कुरकुर आणि सगळ्यांचे वर गेलेले हात यांपुढे तो दमला होता, इतकंच.

कौसाआजींना संध्याकाळी कळलं. "बरं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी घेऊन खाली आल्या आणि गेटच्या बाहेर रस्त्याच्या कडेला बसल्या. हळद्या शेजारी. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचा धुरळा दोघांवर बसायचा.

गेटवर सांडू नावाचा वॉचमन होता, फर्दापूरकडचा. कुत्रा आत दिसला तर नोकरी जाईल, असं त्याला सांगितलेलं होतं. तो काठी हळद्यावर कधी मारायचा नाही. त्याच्या पुढ्यात जमिनीवर मारायचा. "मी काय करू सायेब, पोटाचा सवाल हाय," असं मी न विचारताच मला सांगायचा. सरकत्या गेटच्या रुळापाशी काठी वाजायची, आणि थोड्याच दिवसांत हळद्या त्या रुळाच्या अलीकडे पाय टाकेनासा झाला. त्याच्या तोंडावरचे केस आता पिकायला लागले होते. आता तो टँकर आला तरी उठत नसे. कुणासाठी उठायचं?

दिवाळीनंतर आजींचे गुडघे सुजले. लिफ्टची त्यांना भीती होती. दार बंद झालं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं म्हणायच्या. मग त्या गॅलरीच्या गजांतून "हळद्याऽऽ" अशी हाक घालायच्या आणि भाकरीचा तुकडा कागदात गुंडाळून खाली टाकायच्या. हळद्या मान वर करून प्रत्येक मजला बघायचा. त्याला गॅलऱ्या सारख्याच दिसत असाव्यात. एक दिवस तुकडा कुणाच्या तरी गाडीच्या काचेवर पडला. काचेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्यानंतर हाकही बंद झाली. भाकरी दत्तू कामावर जाताना खाली ठेवायचा. मी येता-जाता हे बघत होतो. मला वाईट वाटलं का? आठवत नाही. बहुधा मी माझी बादली भरायला वर गेलो असेन.

आणि चंपाषष्ठी आली.

सात मजल्यांवर वांगी भाजली जात होती. जिन्यात तोच एक वास. नैवेद्य झाले, आणि मग एकेका दारातून ताट घेतलेली माणसं लिफ्टमधून खाली यायला लागली. गल्लीतली जुनी आली, बाहेरून आलेलीही आली. ज्याच्या मुलाला ॲलर्जी, तो गृहस्थही झाकलेलं ताट घेऊन उभा. त्याचंही कुलदैवत खंडोबाच. गेटच्या आत ही गर्दी आणि गेटच्या बाहेर रस्त्यापलीकडे एकटा हळद्या.

काका पुढे झाले. सोवळं नेसलेले, कपाळाला भंडारा. "या हळदोबा. या, बसा."

हळद्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग सांडूच्या काठीकडे बघितलं. सांडूनं घाईघाईनं ती मागं लपवली. तरी तो हलला नाही. काका रूळ ओलांडून ताटासकट बाहेर गेले. हळद्या तेवढाच मागं सरला. बायका गेल्या, चुचकारून झालं, रोडगा पुढे टाकून झाला. एवढी माणसं हातात काहीतरी घेऊन अंगावर आली की काय होतं, हे त्याला वर्षभर शिकवलेलं होतं. तो मागं मागं जात राहिला. घंटी वाजत राहिली.

"दुसरं एखादं बघा की," कुणी तरी म्हणालं. पण देवळाकडची गावानं जेवू घातलेली, आणि इमारतीभोवती दुसरं होतंच कुठे? कुत्री हाकलायचं काम, तेच तर सांडूकडून वर्षभर करून घेतलं होतं.

शेवटी देशपांडे काकूच बोलल्या. "कौसाबाईंना बोलवा. त्यांच्याशिवाय तो घास घ्यायचा नाही." कुणीच हलेना, तेव्हा काका स्वतः पाचव्या मजल्यावर गेले. मी त्यांच्यामागून जाऊन दाराशी उभा होतो म्हणून ऐकलं. ते म्हणाले, "कौसाबाई, खाली येता का? घास राहिलाय सगळ्यांचा."

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "कुत्र्याला बंदी हाय ना, भाऊ?"

काका सोवळ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"चला," आजी म्हणाल्या. "देवाचं काम हाय. त्यात रुसायचं नाय."

त्या जिन्यानं उतरल्या, पाचही मजले, कठड्याला धरून. गेटच्या बाहेर गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. हळद्या आला. पळत नाही आला. चालत आला आणि त्यांच्या पायाला पाठ घासून उभा राहिला. आजींनी वाकून त्याच्या कानामागं हात ठेवला. "एकच घास, बाबा. पुढं लई घरं हायेत."

त्यानं काकांच्या ताटातला एक घास घेतला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. इतकी ताटं त्यानं कधी बघितली नव्हती, पण एकाही ताटाला दुसऱ्यांदा तोंड लावलं नाही. ॲलर्जीवाल्या गृहस्थानं ताट लांबूनच धरलं होतं; हळद्यानं त्याच्याही ताटातला घास अगदी कडेनं उचलला. ज्याचा घास झाला, तो ताट घेऊन लिफ्टकडे वळत होता. वरून येळकोट ऐकू येऊ लागला.

शेवटी दत्तू राहिला. ताट घेऊन गेटशी उभा, खाली बघत.

"हे तेवढं होऊन जाऊ दे," काका म्हणाले. "म्हणजे एकही घर राहिलं नाही."

आजींनी दत्तूच्या हातातून ताट घेतलं. "नाय भाऊ. ह्यो नैवेद्य नाय," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "घरच्याला नैवेद्य दावत नसत्यात. घरच्याला जेवाया वाढत्यात."

त्या धुरळ्यात बसल्या, ताट हळद्यापुढे ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तो सावकाश जेवला. काका गेटकडे वळून म्हणाले, "चला, पानं घ्या." मीही वर गेलो. भरीत निवलं होतं. चवीला मात्र चांगलं होतं. मी दोनदा मागून घेतलं. कुणी नियमाविषयी काही बोललं नाही, आणि नियम आजही तसाच आहे.

दुपारी टँकर आला. खालची टाकी भरून झाल्यावर मी खिडकीतून बघितलं, तर दत्तू आजींचं गाठोडं टँकरच्या केबिनमध्ये ठेवत होता. रफिकभाईचा टँकर पैठण रस्त्याला, आजींच्या गावाच्या पलीकडच्या विहिरीवर भरायला जायचा. "माय, तिथं बी टँकरच हाय," दत्तू म्हणत होता. "कोण बघंल तुला?"

"धाकटी जाऊ हाय. आन् तिथं दार जमिनीवर हाय," आजी म्हणाल्या. "तू हप्त्याचं बघ. पोरास्नी घेऊन येत जा."

रफिकभाईनं हळद्याला दोन्ही हातांनी उचलून वर बसवलं. "बैठो चेअरमन." मग आजींना हात दिला. दत्तू खालून आईच्या टाचेला आधार देत होता. दार लागलं, आणि रिकामा टँकर आमच्या जुन्या गल्लीच्या जागेवरून खडखडत निघाला. दत्तूनं हात वर केला होता, या वेळी पुरता.

वळणावर मला हळद्या शेवटचा दिसला. आजींच्या मांडीवरून त्यानं पुढचे पाय खिडकीच्या काठावर लांब ताणले होते, पाठ खाली दाबली होती, आणि त्यानं एक ऐसपैस जांभई दिली.

शेजारच्या गॅलरीत देशपांडे काकू उभ्या होत्या. त्यांनीही ते बघितलं. "हळद्या उठला गं," त्या म्हणाल्या. पण हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.